तक्त्याबाहेरच्या माई

"माई, साहेबांना सांगू नका हं," फोनवर गोगलगाय दबक्या आवाजात बोलत होता. "जुना हिरवा पंप आलाय. बेअरिंग काही केल्या बसत नाहीये."

सुट्या भागांच्या खोलीत माईंच्या जागी आलेल्या त्या संथ माणसाला हे नाव माईंनीच ठेवलं होतं. हातातली मटाराची शेंग त्यांनी ताटात टाकली.

"शाफ्ट मोजलास?"

"कागदावर पस्तीस लिहिलंय."

"कागदाला काय कळतंय! हे हिरवे पंप निघाले त्या वर्षी दोन मापांचे शाफ्ट आले होते. चाळीस भरेल बघ. बेअरिंग खालच्या कप्प्यात, अगदी मागे आहे."

थोडा वेळ नुसती खडखड ऐकू आली. मग गोगलगाय जवळजवळ ओरडलाच, "चाळीसच, माई!"

"मग बसव. आणि माझं नाव कुठे काढू नकोस."

साहेब म्हणजे माईंचा लेक. पंप दुरुस्त करणाऱ्या त्या कारखान्यात बिघडलेला पंप आला की परत जायला तेवीस दिवस लागत. सोयऱ्याच्या घरी मुक्कामाला आल्यासारखा तो या टेबलावरून त्या टेबलावर रमतगमत फिरायचा. लेक दोन महिने वही घेऊन पंपांच्या मागे हिंडला आणि भिंतभर तक्ता काढला. प्रत्येक कामाला एक चौकोन, चौकोनात कोणी काय करायचं आणि किती वेळात. मालकांनी तक्ता पाहिला आणि सहा महिने दिले. तेविसाचे नऊ दिवस झाले तर ठीक, नाहीतर तक्ता गुंडाळायचा आणि त्याच्याबरोबर स्वतःही जायचं.

त्याच आठवड्यात माई निवृत्त झाल्या. चष्मा लावून त्यांनी तक्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचला.

"यात मी कुठे आहे रे?"

"आई, काम कुणा एकाच्या डोक्यात राहून चालत नाही, ते कागदावर यायला हवं," लेक म्हणाला. "तू घरून सल्ला देत जा ना. रीतसर मानधन देतो."

"एकतीस वर्षं खोली सांभाळली, आता म्हातारपणी तुझ्या तक्त्यातला चौकोन होऊ? या कारखान्याची पायरी पुन्हा चढायची नाही मी." आणि माई तरातरा घरी गेल्या.

पाचव्या दिवशी पहिला फोन आला. माईंच्या ओठांवर आलं होतं, विचार जा त्या तक्त्याला! पण पंप अडला तर लेकाचं नाक कापलं जाणार होतं. राग रागाच्या जागी, लेक लेकाच्या जागी. त्यांनी उत्तर दिलं.

मग फोन येतच राहिले. कधी गोगलगाय, कधी पंप उतरवून घेणारी मुलगी. रोज दोन तरी यायचे, तीनच्या चहानंतर हमखास. माई उत्तरं द्यायच्या आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसायच्या.

संध्याकाळी लेक जेवताना सांगायचा, "आई, या महिन्यात सरासरी बारा दिवस!"

"हो का?" माई भाजी वाढता वाढता म्हणायच्या. "हुशारच आहे बाई तुझा तक्ता."

लेकाचा त्यांना अभिमान होताच. पण खरं सांगायचं तर स्वतःचा काकणभर जास्तच होता. सगळा डोलारा आपल्या दोन हातांवर उभा आहे आणि पोराला पत्ताही नाही, या विचाराने त्यांना झोपही छान लागायची.

पाचव्या महिन्यात मात्र इस्पितळाचा पंप दुरुस्त होऊन दोनदा परत आला. मालकांनी लेकाला केबिनमध्ये घेऊन झापलं. त्या रात्री तो दोन घास खाऊन उठला. विचारावं तर बिंग फुटणार, न विचारावं तर पोराची नोकरी जाणार. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माई फोनपाशीच बसून राहिल्या.

अकराला फोन वाजला. पंप उतरवून घेणारी मुलगी रडकुंडीला आली होती. "साहेबांना सांगू नका, माई. पाणी ढकलणारा आतला पंखा पुन्हा झिजलाय."

"अगं, त्यांचं पाणी खारं की गोडं, विचारलंस?"

"नाही."

"विहिरीचं असणार, खारं. त्यात साधा पंखा महिनाभर टिकत नाही. पितळी घाला."

तो पंप पुन्हा आला नाही.

सहा महिने संपले तेव्हा सरासरी आठ दिवसांवर आली होती. कारखान्याच्या चारही शाखांत हीच पद्धत लावायची असं मालकांनी ठरवलं आणि लेकाचा सत्कार ठेवला.

"आई, उद्या येशील?" लेकाने चाचरत विचारलं.

पायरी न चढण्याचा पण माईंनी मोडला. ठेवणीतली साडी नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या. लेकाच्या गळ्यात हार पडला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या मालकांच्या बायकोला त्या म्हणाल्या, "माझा मुलगा," आणि पुढचं सगळं पोटात ठेवलं.

मंडळी चहाकडे वळली तशा त्या हळूच उठून तक्त्यापाशी गेल्या. चष्मा लावून वाचू लागल्या. पंप उतरवणे, धुणे, उघडणे, मोजणे. सगळं ओळखीचं होतं. सहाव्या चौकोनानंतर मात्र एक नवा चौकोन चिकटवलेला दिसला. खाली लेकाची सही होती आणि तारीख होती पहिला फोन आला त्या दिवसाची. माई आणखी पुढे वाकल्या.

"पायरी सात," तिथे लेकाच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. "भाग बसत नसेल किंवा पंप परत आला असेल, तर माईंना फोन करावा. दुपारी एक ते तीन त्या झोपतात, तेव्हा करू नये. सुरुवात न विसरता ‘साहेबांना सांगू नका’ अशीच करावी."