लाद्या

शिखरावरच्या लढाईत योगेंद्रनं चौकी सोडली नव्हती. तो गोळीनं नाही, थंडीनं गेला. आज सकाळी त्याची शवपेटी अंगणात आली, त्यालाही आता दुपार झाली होती. ओढ्याकाठी सरण रचून तयार होतं, पण हार घालायला येणारे साहेब शिळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते.

"ऊन वाढलंय, बॉडी टिकायला पायजे," म्हणत कार्यकर्त्यांनी मासळी बाजारातून आणलेल्या बर्फाच्या लाद्या टेंपोतून उतरवल्या आणि पेटीभोवती रचायला घेतल्या.

सकाळपासून पेटीशी बसलेली त्याची आई, गौराबाई, ताडकन उठली. तिनं एक लादी ढकलून दिली. तुकडे कार्यकर्त्याच्या पांढऱ्या बुटांवर उडाले.

"अवो काकी, साहेब येईपर्यंत तरी..."

"तुमचा सायेब गाडीत एसी लावून बसलाय, आन् माज्या पोराला परत बरफात घालता? फोनवर म्हनायचा, आये, चुलीशी बस, माज्या वाटचं शेकून घे. तिथं काय कमी गारठला का रं त्यो?"

दुसरी लादी फुटली. मग ती खांदेकऱ्यांकडे वळली.

"बघत काय बसलाय? उचला त्याला. आता तरी शेकू द्या."