कधीच नाही

"या घरात कुणी कुणाच्या शरीराबद्दल बोलायचं नाही," असं फर्मान शाल्मलीने गणपतीतच काढलं होतं. मानसशास्त्रात एम.ए. करत होती. प्रबंधाचा विषय होता, बायका स्वतःच्या शरीराकडे कशा बघतात आणि त्यापायी खाण्याचे कसे हाल करतात. अख्ख्या खानदानातल्या बायकांकडून तिने प्रश्नावली भरून घेतली होती, त्यामुळे सगळ्या तिला वचकून होत्या.

आज शैलाकाकूंकडे चुलतबहिणीच्या केळवणाला शाल्मली स्वतःचा बारावीच्या निरोप समारंभातला ब्लाउज घालून मिरवत होती. त्यात मावण्यासाठी रात्रीची जेवणं गुपचूप बुडवली होती. आत्या साडीबद्दल बोलली, मामी केसांबद्दल. बाकी अवाक्षर नाही. शेवटी तिने काकूंनाच स्वयंपाकघरात गाठलं.

"काकू, माझ्यात काही बदल दिसतोय?"

"दिसतोय की. पण बोलायला बंदी आहे ना."

"आजच्यापुरती उठवली."

काकूंनी पुरणपोळ्यांचं ताट खाली ठेवलं, चष्मा वर सारला आणि प्रश्नावली भरून घेतानाचा शाल्मलीचाच मधाळ आवाज काढला. "गेल्या महिन्यात तुम्ही जेवण टाळून घरच्यांना 'जेवले' असं सांगितलंत का? नेहमी, क्वचित, की कधीच नाही? मोकळेपणाने सांगा. इथे कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही."

प्रश्न तिनेच रात्ररात्र जागून घडवला होता.

"कधीच नाही," शाल्मलीने ठोकून दिलं.

"आम्हीही सगळ्याजणींनी तेच लिहिलं होतं," काकू म्हणाल्या आणि तिच्या हातात तूप ओतलेली पोळी ठेवली.