बुटांमधली पट्टी

सकाळी साडेनऊला गडचिरोलीच्या दवाखान्यात दहा महिन्यांच्या मोनालीच्या पायांचं सहावं प्लास्टर निघालं. जन्मापासून आत वळलेली पावलं सरळ दिसू लागली होती. पण डॉक्टरांनी लगेच तिला बूट चढवले, दोन्ही बुटांमध्ये लोखंडी पट्टी अडकवली आणि आंघोळीपुरतं सोडलं तर तीन महिने ती काढायची नाही, असं बजावून पुढची तारीख दिली.

"लोकं हसतीन, मामाजी," मोनालीची आई प्रेमिला सासऱ्यांना म्हणाली. "खरंच चालन का जी पोरगी?"

गावाची गुरं राखण्यात जन्म गेलेल्या सोमाजींनी पट्टी हलवून पाहिली.

 

"चालन का म्हंतं? लोढणं पळणाऱ्या ढोरालेच बांधतेत, बाई."