वळलेली मूठ

कपड्यांचा कारखाना उद्यापासून बंद, एवढं कामगार बायकांना सांगून साहेब हात झटकून मोकळे झाले. कारखान्याच्या योगशिक्षिकेला हळूच म्हणाले, “यांना जरा शांत करा.” तिच्या मस्तकात तिडीकच गेली. या बायकांच्या आखडलेल्या माना तिनं इतकी वर्षं सोडवल्या, त्या यासाठी? पण सवय जाते कुठे? तिनं घंटी वाजवली. “डोळे मिटा. मुठी सैल सोडा.” सगळ्यांनी मुकाट्यानं सोडल्या. बटणं लावणाऱ्या मावशींनी मात्र नाही. नेहमीसारखं जवळ जाऊन ती त्यांची पांढरीफटक बोटं एकेक करून उलगडू लागली. “राहू दे गं,” मावशी पुटपुटल्या, “ही मूठच तेवढी उरलीय माझ्याकडे.” चटका बसल्यासारखा तिनं हात मागे घेतला. घंटी पिशवीत कोंबली. “उघडा डोळे सगळ्याजणी! आवंढे गिळू नका, बोला!” दाराकडे सटकणाऱ्या साहेबांसमोर तिनं चटई अंथरली. “बसा, साहेब. आता शांत राहायची पाळी तुमची.”