दहापैकी सहा

बाटलीचं सील अजून तसंच होतं. सिस्टरने ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि मनापासून खूश झाली. नऊ आठवड्यांत जादा औषधाचा एक थेंबही लागला नव्हता.

"बाई, तुमच्यासारखा पेशंट शोधून सापडायचा नाही," ती म्हणाली.

पलंगावरच्या बाईंनी मान हलवायला घेतली आणि मध्येच थांबवली. कॅन्सर मणक्यात उतरून चार महिने झाले होते. एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवलेल्या बाई. स्वतःचं दुखणं स्वतः कसं सांभाळायचं हे त्यांना शिकवणं म्हणजे सिस्टरला सुखाची नोकरी वाटत होती.

हॉस्पिटलचा नियम सोपा होता आणि कागदावर तर फारच शहाणा दिसायचा. दिवसातून तीनदा दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे आणि वहीत लिहायचे. सात किंवा सातच्या वर गेले, की जादा औषध घ्यायचं आणि सिस्टरला फोन करायचा. कुणाला विचारत बसायचं नाही. दुखणं तुमचं, निर्णय तुमचा. सिस्टर आठवड्यातून एकदा येणार, वही बघणार, शेरा लिहिणार आणि पुढच्या घरी जाणार. एका घराला वीस मिनिटं.

वही मात्र देखणी. पट्टीने आखलेले रकाने, तारीख, वेळ, मार्क. चार, पाच, पाच, चार. प्रत्येक आठवड्याखाली लाल शाईत सिस्टरचा शेरा: छान. खूप छान. या वहीचा फोटो काढून तिने वॉर्डातल्या फळ्यावरही लावला होता, बाकीच्या पेशंटनी काही शिकावं म्हणून.

"मंगळवारी सहा कसे काय?" तिने विचारलं.

"जरा वाढलं होतं."

बाईंची धाकटी बहीण पायथ्याशी बसून उशीला अभ्रा घालत होती. "मंगळवारी ताईने अभ्रा दातांनी फाडला," ती म्हणाली. "हा नवा आणलाय."

सिस्टरने वही मांडीवर ठेवली. "अभ्रा फाडला आणि मार्क सहा?"

"सहा काय कमी झाले?" बाई म्हणाल्या.

"अहो, सात दिले असते तर औषध घेता आलं असतं."

"निबंधाला सात मी एकतीस वर्षांत दोन मुलींना दिलेत." बाईंचा आवाज बारीक झाला होता, पण होता शाळेतलाच. "दहा कुणाला देतात का? दिले तर मग पुढे काय द्यायचं?"

"हिचे पाच मार्क मिळाले तरी पोरी घरी नाचत जायच्या," बहीण म्हणाली. ती हसत नव्हती.

"मग तुम्ही तरी मला सांगायचं ना," सिस्टर तिच्यावर घसरली.

"कशी सांगणार? पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत. ताईचं ताईला ठरवू द्या, घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही."

बजावलं होतं खरं. हॉस्पिटलच्या माहितीपुस्तिकेत ते दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. सिस्टरला स्वतःचा संताप आला, आणि त्याहून जास्त त्या सुबक रकान्यांचा. नऊ आठवडे ती याच खुर्चीत बसून आकडे वाचत होती आणि उशी तिच्यापासून दोन हातांवर होती.

तिने बाटलीचं सील फोडलं. "आत्ता किती दुखतंय, बाई? खरं सांगा."

बाईंनी डोळे मिटले. कपाळावर घाम होता, मुठीत चादर गच्च धरलेली होती. पेपर तपासताना करत असतील तसा त्यांनी बराच वेळ विचार केला.

"साडेसहा."

सिस्टरने आकडा लिहिलाच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं माप तिने पुरतं ओतलं आणि बाईंच्या ओठांशी धरलं.

"सातच्या आत आहे," बाई म्हणाल्या. "ग्रेसचे मार्क नकोत मला."

"ताई, पी गं आता," बहीण म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि औषध प्यायल्या.

सिस्टरची वीस मिनिटं कधीच संपली होती. पुढच्या घरून फोन आला, तो तिने वाजू दिला. हळूहळू बाईंची मूठ सुटली आणि चादरीवर नुसत्या चुण्या राहिल्या.

"असं असतं होय," बाई म्हणाल्या.

"काय गं?"

"न दुखणं. मी विसरलेच होते."

बहिणीने तोंड फिरवलं आणि अभ्र्यात कोंडलेला उशीचा कोपरा उगाच ओढत बसली. सिस्टरने मांडीवरची वही पहिल्या पानापासून उघडली. 'छान'वर रेघ मारायला तिने लाल पेन काढलं. टोपण निघाल्याचा आवाज बाईंना बरोबर कळला.

"खोडू नका," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "खाडाखोड केलेली वही मी तपासत नाही."