पळून होईपर्यंत

अमेयनं फोन मागितला तेव्हा वल्लरी बुटाची नाडी बांधत होती.

"माझ्याकडे राहू दे. उगाच ओझं कशाला?"

"मग गाणी कशावर ऐकू?"

"आज नको ऐकूस."

तिनं नवऱ्याच्या हातात फोन दिला. देताना सवयीनं घरच्या ग्रुपवर नजर गेली. तिचा भाऊ अनिमेष ऑनलाइन होता. इथे पहाट व्हायची होती, म्हणजे पुण्यात मध्यरात्र कधीच उलटलेली. सकाळी हाका मारून उठवावा लागणारा माणूस या वेळी जागा होता.

आदल्या रात्री तिनं नेहमीप्रमाणे बाबांना फोन लावला होता. तो अनिमेषनं उचलला. बाबा झोपलेत, आई कामात आहे, उद्या तुझं पळून झालं की निवांत बोल, असं म्हणून त्यानं ठेवून दिला. बायपासनंतर बाबा उशिरापर्यंत जागे असत. आई त्यांच्यासमोर फोन धरून उभी राही आणि फोनमागून म्हणे, "हळू बोला, टाके दुखतील."

त्या ऑपरेशनपायी वल्लरीचा सराव कोलमडला होता. दोनदा पुण्याला जाणं, रुग्णालयातल्या बाकांवर काढलेल्या रात्री, परतल्यावर चांगी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात साचलेलं काम, मग नडगीचं दुखणं. शर्यतीतून नाव काढून घ्यायचं तिनं ठरवलंही होतं. बाबांनीच अडवलं. "मी गॅलरीत दहा फेऱ्या मारतो, तू तुझे एकवीस किलोमीटर पुरे कर. बघू कोण आधी बसतं." दुसऱ्या खेपेला पुण्यात हे बोलणं चाललं तेव्हा आई वल्लरीच्या नडगीला तेल चोळत होती. पाय गेले की कळेल दोघांना, एवढंच ती म्हणाली.

सुरुवातीच्या कमानीपाशी मैत्रीण गार्गी भेटली. ती सेम्बावांगला राहायची, दर रविवारी वल्लरीबरोबर पळायची आणि अर्ध्या वाटेत तिला मागे टाकून जायची. एरवी तिनं "आलात का, कासवबाई?" असं विचारलं असतं. आज तिनं वल्लरीला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"मी तुझ्याबरोबरच पळणार आहे," ती म्हणाली.

"का गं? तुझी वेळ बिघडेल."

"बिघडू दे."

गर्दी हलली. मरीना बेच्या इमारती मागे पडल्या. हवा ओल्या कापडासारखी तोंडावर बसत होती. ईस्ट कोस्टला वळल्यावर समुद्रात नांगरलेल्या जहाजांचे दिवे दिसू लागले, आणि वल्लरीच्या डोक्यात एकेक गोष्ट दुसरीला जाऊन चिकटू लागली.

त्यांच्या घरात वाईट बातमी थांबवून ठेवायची रीत होती. आजोबा गेले ते वल्लरीला बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर कळलं. काका गेले तेव्हा अनिमेष मुलाखतीहून परतेपर्यंत सगळे त्याच्याशी हसून बोलत राहिले. ज्याचं काही चाललेलं असेल त्याचं ते आधी पार पडू द्यायचं. यात कुणाला काही चुकीचं वाटत नसे. अनिमेषशी हसून बोलणाऱ्यांत वल्लरीही होती.

निम्मं अंतर झालं तशी नडगी ठणकू लागली.

"गार्गी, तुला ठाऊक आहे ना?"

गार्गी समोर बघतच म्हणाली, "अमेयनं रात्री सांगितलं."

"कधी झालं?"

"काल. चहाच्या वेळेला."

गार्गीनं आपला वेग कमी केला.

"थांबायचंय का?" गार्गीनं विचारलं. "टॅक्सी करून देते."

थांबून आता काही हाती लागणार नव्हतं. गॅलरीतल्या फेऱ्या संपल्या होत्या. एकवीस तेवढे उरले होते. वल्लरीनं मान हलवली आणि पळत राहिली. रडू आलं ते घामात मिसळलं. शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांनी तिला अंगठा दाखवला, "कॅन, कॅन," म्हणजे जमेल, असं म्हणाले आणि पुढे गेले.

रडू ओसरल्यावर ती हिशेबी झाली. आई तिथे एकटी राहू शकणार नाही. तिला टॅम्पिनीसला आणायचं. व्हिसाचं अमेय बघेल. लहान खोलीतलं इस्त्रीचं टेबल हलवलं की पलंग बसेल. खिडकी पूर्वेला आहे, आईला तिथे पूजा करता येईल. इथल्या बाजारात अळू कुठे मिळतं, ते तिला दाखवायला हवं. इतक्या वर्षांत आई एकदाही आली नव्हती. दर वेळी बाबांच्या पथ्याचं कारण निघायचं. आता ते कारण उरलं नव्हतं. या विचाराची वल्लरीला शरम वाटली, पण त्यानंच तिला शेवटच्या पुलावर चढवलं.

शेवटची रेघ ओलांडली तेव्हा उजाडलं होतं. अमेय कठड्यापाशी उभा होता. डोळे लाल, दाढी न केलेली. त्यानं तिला धरलं आणि फोन पुढे केला.

"बोल. जागेच आहेत सगळे."

वल्लरीनं मन घट्ट केलं आणि पडद्याकडे पाहिलं.

समोर बाबा होते. थकलेले, चष्मा तिरका, पण बाबाच.

"झालं का गं पुरं?" त्यांनी विचारलं.

ती रस्त्यावरच बसली, हसू लागली, मग हुंदके देऊ लागली. "झालं, बाबा. अहो, मला वाटलं... काय काय मनात आलं माझ्या. बरे आहात ना तुम्ही?"

"मी आहे," बाबा म्हणाले. पडद्यावर कधी त्यांचं कपाळ दिसे, कधी छत.

"तुम्ही कशाला धरलात फोन? आईला द्या ना."

बाबांनी फोन हळूहळू वळवला. त्यांच्या पलंगाशेजारी, आई रोज गादी घालून झोपायची त्या जागी, फरशीवर पीठ पसरलेलं होतं आणि त्यावर एक दिवा जळत होता.