जागती वार

देवाची आण, सुनेची आण, माझ्या उरल्यासुरल्या दातांची आण, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

रायपूर नुकतं राजधानी झालं होतं. तेलीबांधा तलावाकाठचं ते नर्सिंग होमही नवंच, भिंतीच्या रंगाचा वास नव्हता गेला. खिडकीतून तलावाचं ऊन येऊन छतावर हलून राहिलं होतं. माझ्या सुनेच्या बाजूच्या खाटेवरली अनुश्री सकाळीच बाळंत झाली होती, पोट्टी कुशीत झोपली होती. तिची सासू, शांताबाई, मांडीवर मडकं घेऊन बसली होती. मडक्यात वार होती, पोटात नऊ महिने पोट्टीले पोसणारी. ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या अंगणात नेऊन पुरायची, म्हणून शांताबाईनं तिले हळद लावली, कुंकू वाह्यलं, वरून मीठ टाकलं.

तेवढ्यात डॉक्टर निधी बर्फाचा डबा घेऊन आली. वारेचा एक तुकडा अभ्यासाले देईन, असं अनुश्रीनं तिले कबूल केलं होतं. सासूले सांगायचं तेवढं राहून गेलं. निधीनं मडक्यात डोकावलं अन् कपाळाले हात लावला.

"आंटी, ये तो आपने अचार डाल दिया."

शांताबाईनं मडकं पोटाशी धरलं. तुकडाच काय, धागाही देणार नाही म्हणाली. वार अर्धी पुरली तर पोट्टी जन्मभर अर्धीच झोपते. ती जन्मली तवा तिची वार मांजरीनं ओढून नेली होती म्हणे. तवापासून घर सारं निजलं तरी शांताबाई उठून उठून दाराची कडी पाहून येते. नातीच्या नशिबी ते नको.

अनुश्रीनं डोळे मिटून घेतले. दोघींपैकी कोणाकडंच पाहावेना तिले.

निधी भांडली नाही. स्टूल ओढून बसली अन् अर्धं हिंदी, अर्धं मराठी सांगत गेली. रोगजंतू आला की त्याले अडवायच्या कामी लागणारे जीन आपल्या अंगात असतात. आई अन् बाळ दोघंही ठणठणीत असतात, तरी वारेत ते चालूच दिसतात.

शांताबाईले ते दिसलंच. आत मिट्ट अंधार, कोमट पाणी, पाण्यात पोट्टी निजलेली, अन् दाराशी एक बाई कंदील घेऊन फेऱ्या मारून राहिली.

"चोर आला होता काय?"

"नहीं आंटी. कोई नहीं आया."

"मंग जागून काहून राहिली होती?"

"वही तो देखना है."

शांताबाईनं मडक्यात वाकून पाहिलं. ऊन छतावरून भिंतीवर उतरलं. मंग तिनं मडकं पुढं केलं.

"आतून घे, जिथं हळद नाही पोचली. अन् नीट विचार तिले, काहून जागली. मले तं कोणी कधी विचारलंच नाही."

निधीनं नखाएवढा तुकडा घेतला, डब्यात ठेवला. झाकण लागायच्या आधी शांताबाई डब्यावर वाकली अन् हळूच म्हणाली, "बाई, झोप आता. पोट्टी आमच्या हाती आली."

अन् डब्यातून जांभईचा आवाज आला. अनुश्रीनं ऐकला, निधीनंही ऐकला.

आता एवढी आण घेतली, तर सांगूनच टाकते, एक गोष्ट पदरची घातली. शांताबाई हळूच बोलली, ते खोटं. तिले हळू बोलताच येत नाही. तिच्या आवाजानं अख्खा वार्ड उठून बसला. पोट्टी तेवढी नाही उठली.